पहिली आल्याचं पुढे काय झालं

उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की माझं कशात लक्ष लागत नाही. दिवाळी होते, कारखाने पेटतात, कराडपासून उंब्रजपर्यंत हायवेवर दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून धावायला लागतात, आणि त्यांच्या कडेकडेनं, सर्व्हिस रोडच्या धुळीतून, पूर्वेकडची मेंढरं येतात. पुढं एखादा म्हातारा, मध्ये घोड्यावर बांधलेलं बिऱ्हाड, टोपलीतून माना बाहेर काढलेल्या कोंबड्या, आणि अगदी शेवटी एखादी बाई, कालच जन्मलेलं कोकरू काखेत धरून. मी कॉलेजला निघालेली असते. स्कूटी बाजूला घेते आणि उभी राहते. मागचे हॉर्न वाजवतात. मेंढरं गेली की मीही जाते, पण त्या दिवशी वर्गात बेडकाच्या हृदयाचे कप्पे हमखास चुकीचे सांगते.

नेमका त्याच दिवसांत कुणीतरी तो प्रश्न विचारतं. प्रॅक्टिकल संपलेलं असतं, ट्रे धुवायचे असतात, पोरं रेंगाळतात. "मॅडम, टॉपर आलं म्हणजे जॉब लागतोय का?" विचारणारा बहुतेक वेळा टॉपर नसतो. टॉपरला हा प्रश्न विचारायची भीती वाटते, हे मला अनुभवानं माहीत आहे. मी दर वर्षी वेगळं उत्तर देते. एका वर्षी म्हणाले, मार्कांनी दार उघडतं, आत तुम्हालाच जावं लागतं. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढची दोन वर्षं तेच वापरलं. मग एकदा म्हणाले, मार्क वगैरे काही नसतं रे, कामाचा माणूस पाहिजे असतो. त्या वर्षी दोघांनी अभ्यास सोडला म्हणतात. हल्ली मी म्हणते, ट्रे नीट धुवा. खरं उत्तर देता येण्याइतकी मी अजून त्यातून बाहेरच आलेली नाही.

मी विद्यापीठात पहिली आले होते. एम.एस्सी., प्राणिशास्त्र. चोवीस वर्षं झाली त्याला. हे वाक्य मी फार क्वचित उच्चारते, आणि उच्चारलं की ऐकणाऱ्याचा चेहरा आदरानं भरतो आणि मी विषय बदलते. माणसांना वाटतं हा विनय आहे. विनय कसला डोंबलाचा.

आमचं गाव आटपाडीच्या अलीकडं. गाव म्हणायचं एवढंच, कारण वर्षातले सात-आठ महिने घराला कुलूप. आमच्याकडे वाडा म्हणजे दगडी इमारत नव्हे. मेंढरं, घोडं, कुत्री, बिऱ्हाड आणि माणसं मिळून जे चालतं तो आमचा वाडा. दिवाळी झाली की तो कृष्णाकाठाला निघायचा. तोड झालेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत होतं, शेतकरी त्या बदल्यात धान्य देतो. पावसाळ्याच्या तोंडाला परत. या सगळ्यातून मी शिकले ती आजोळी राहून, मग वसतिगृहात राहून. सुट्टीला जायचं तर आधी वाडा कुठं आहे ते शोधावं लागायचं. मैत्रिणी घरी जायच्या, मी उंब्रजच्या स्टँडवर उतरून चहाच्या गाड्यावर चौकशी करायचे, आटपाडीची मेंढरं कुणी बघितली का.

शाळेत पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा गुरुजींनी वडिलांचा धंदा विचारला. आबांनी खांद्यावरच्या घोंगड्याकडं नुसतं बघितलं. गुरुजी भले होते, त्यांनी आपल्या मनानं 'शेती' असं लिहिलं. पुढं प्रत्येक फॉर्मवर मी तेच लिहीत गेले. आम्हाला दोन एकर माळ होता, त्यामुळं ते खोटंही नव्हतं. पण वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं माझी वळकटी हुंगून "कसला गं वास हा?" असं विचारलं, आणि तेव्हापासून 'शेती' हा शब्द मी लिहीत नव्हते, त्याच्याआड लपत होते. रविवारी दोनदा अंघोळ करायचे. वास जातो की नाही हे स्वतःला कधीच कळत नाही, ही त्यातली खरी पंचाईत.

निकाल लागला त्या दिवसांत पेपरात जिल्ह्याच्या पानावर माझा फोटो आला होता. पासपोर्टचाच, डोळे मोठे केलेला. फ्लेक्सचा जमाना नव्हता, नाहीतर मीही कुठल्यातरी पुढाऱ्याच्या शेजारी हात जोडून चौकात उभी असते. पेपर घेऊन मी गावी गेले. मेंढरं माळावर होती. आबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी फोटो बराच वेळ बघितला.

"पयली म्हंजी कशी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या पुढं, आबा."

आबा मेंढरांकडं बघत म्हणाले, "फुडचीची काळजी नसती गं. तिला वाट दिसत असती. माघं कोन ऱ्हायली ती बघायची असती."

मला राग आला होता. एवढ्या कष्टानं पहिली यावं आणि बापानं मेंढराचा हिशोब सांगावा. तसा तो हिशोबही नव्हता. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, मोजली की कमी होतात असं म्हणतात. संध्याकाळी आबा कळपावरून एकदा नजर फिरवायचे आणि सांगायचे, काळ्या टिक्क्याची आली न्हाई. आणि ती खरंच आलेली नसायची. माझ्या मनात तेव्हा फक्त टक्के होते.

मागे राहिली होती ती संगू. माझी धाकटी बहीण, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. त्याच जूनमध्ये ती दहावी झाली होती, सेकंड क्लास, पण तोंडानं फर्स्ट क्लास. तिला नर्स व्हायचं होतं. पांढऱ्या कपड्यासाठी नाही, सुई टोचायला मिळते म्हणून, असं ती स्वतःच सांगायची. मामाच्या घरी राहून विट्याच्या कॉलेजात ती अकरावीला जायला लागली होती. पण त्या वर्षी आईचा गुडघा गेला आणि चुलतभाऊ वेगळा झाला. वाड्यावर माणूस कमी पडायला लागलं. आबांनी गणित सरळ मांडलं: आक्काला, म्हणजे मला, नोकरी लागली तर तिच्या पगारावर एक गडी ठेवू आणि संगू शिकेल. नाही लागली तर दिवाळीनंतर संगू मेंढरांमागं येईल. त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. शंभर-सव्वाशे जिवांना दोन माणसं पुरत नाहीत, एवढंच.

तो सगळा पावसाळा मी अर्ज करत होते. त्या पावसाळ्याची आठवण म्हणजे डिंकाचा वास, एस.टी.तल्या ओल्या छत्र्या आणि विट्याच्या झेरॉक्सवाल्याचा हिरवा उजेड. उत्तरं यायची नाहीत. आली तर 'अनुभव?' असं विचारणारी. संगू शनिवारी मामाकडून गावी यायची आणि मोटारीतून उतरल्या उतरल्या विचारायची, "आला का गं कागद?" नाही म्हटलं की "यील की," म्हणायची आणि चुलीपुढं बसून भाकरी खायची. तिच्या जेवणावर कधी परिणाम झाला नाही. माझा मात्र कुडता दर महिन्याला जास्त सैल वाटायचा.

ऑक्टोबरात सांगलीहून एक पत्र आलं. पशुखाद्य बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीचं. शेळ्यामेंढ्यांसाठी नवीन खाद्य काढत होते, त्याच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवायला माणूस हवा होता. प्राणिशास्त्राची पदवी. मुलाखतीला मूळ कागदपत्रं आणावीत. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा आबा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "मेंढराचीच नोकरी हाय की गं," ते म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. मेंढरांपासून इतक्या लांब पळून पुन्हा मेंढरंच, असं वाटलं. पण दिवाळी बारा दिवसांवर होती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आबा कागदांची पिशवी घेऊन विट्याला गेले आणि सगळ्या मार्कलिस्टा, दाखला, पदवी, सगळं लॅमिनेशन करून घेऊन आले. उघड्यावर राहणाऱ्या माणसाला कागदाचा एकच शत्रू माहीत असतो, तो म्हणजे पाऊस. त्यांनी आपल्या परीनं मला चिलखत चढवलं होतं.

सांगलीत त्या दिवशी लख्ख ऊन होतं. स्टँडवरून रिक्षा वखारभागातून गेली तेव्हा हळदीचा तो कोरडा, नाकात बसणारा वास आला, आणि मला बरं वाटलं, की निदान आता माझ्या अंगाला हळदीचा वास लागेल. कंपनीच्या व्हरांड्यात आणखी एकजण बसला होता, तासगावकडचा. खिशात पेन गळून शर्टावर निळा डाग पडलेला. "मॅडम, तुमचं किती?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "मग आमी कशाला आलोय," तो म्हणाला आणि मोकळेपणानं हसला. "आपला सेकंड क्लास. त्यो पन गुरुजींच्या मेहेरबानीनं." त्याच्याबद्दल मला दया आली होती. दया.

आत एक म्हातारे जनावरांचे डॉक्टर होते. शांत, जाड चष्मा, पुढं शेंगदाण्याची वाटी. त्यांनी माझी पदवी उचलली, वाकवून बघितली, ती खडखडली.

"हे सगळं प्लॅस्टिकमध्ये का घातलंत? घर गळतं का तुमचं?"

ते थट्टेनं म्हणाले होते. गळायला आम्ही घरात असायचो कुठं? तीच वेळ होती. सांगायचं होतं, डॉक्टर, आम्ही मेंढरामागं फिरतो, उघड्यावर कापडाचं पाल असतं, म्हणून. एका वाक्याचं काम. मी म्हणाले, "हो, थोडंसं."

"वडील काय करतात?"

"शेती."

"जनावरं आहेत घरी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि मेंढीच्या जंतांवर दोन-तीन प्रश्न विचारले. मी लॅटिन नावांसकट उत्तरं दिली. त्यांचा चेहरा खुलला. "मार्क बघूनच तुम्हाला बोलावलं होतं," ते म्हणाले. "चला, मागं शेडात जाऊ."

शेडात सहा मेंढ्या होत्या. तासगावच्या उमेदवारालाही बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले, "यातली एक आजारी आहे. कुठली, ते सांगा. आधी मॅडम."

शेडात पाऊल टाकायच्या आधीच मी ती बघितली होती. भिंतीकडची. कान पाडलेली, बाकीच्यांपासून हातभर बाजूला, जबडा थांबलेला. पाची जणी रवंथ करत होत्या, ती करत नव्हती. सहा वर्षांची असताना मला हे कळत होतं. पुढं सुट्टीला गेले की आई मला आणि संगूला बसवून त्याचाच खेळ घ्यायची, आज कोण रुसलंय सांगा. संगू नेहमी जिंकायची, पण मलाही यायचं. बोट वर करायचं होतं फक्त.

आणि मला वाटलं, मी बोट दाखवलं तर यांना कळेल. पुस्तकातल्या मुलीला इतक्या लवकर कळत नाही. वळकटी हुंगणारी ती मुलगी शेडाच्या दारात उभी राहिल्यासारखं झालं. मी विद्यापीठात पहिली आले होते. मी ओढणी सावरली आणि म्हणाले, "तापमान आणि विष्ठेची तपासणी केल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुस्तकाप्रमाणं बरोबर आहे." मग त्यांनी दुसऱ्याकडं बघितलं. तो तोवर आत जाऊन त्या मेंढीपाशी उकिडवा बसला होता आणि तिचा कान चोळत होता. "हीच की, डॉक्टर. कालपास्नं खाल्लं नसंल हिनं."

नोकरी त्याला लागली. त्याची कुणाशी ओळख नव्हती. त्याच्यासाठी कुणी फोन केला नव्हता. त्याला समोरचं दिसलं आणि दिसलेलं त्यानं सांगितलं. मला दिसलं आणि मी गिळलं. मार्कांचा यात दोष नव्हता, मार्कांनी मला त्या शेडापर्यंत आणून सोडलं होतं. त्यांच्यामागं मी लपून बसले, हे काम माझं. आज इतक्या वर्षांनी हे इतकं स्वच्छ लिहिता येतं. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी फक्त एकच विचार करत होते, घरी काय सांगायचं.

घरी मी सांगितलं, वशिल्याचा माणूस आधीच ठरला होता. मुलाखत नुसती दाखवायला होती.

हे वाक्य किती सोयीचं असतं. ते ऐकून कुणालाच कुणावर रागवावं लागत नाही. आबांनी दोरीला पीळ देता देता मान डोलावली. "मग आपला काय इलाज," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल माया होती. आईनं मला दूध दिलं. संगू त्या दिवशी गावीच होती. तिनं चुलीत लाकूड सारलं. दिवाळी झाली, चौथ्या दिवशी वाडा निघाला आणि संगू हातात काठी घेऊन मागं चालायला लागली. तिची पुस्तकं मामाच्या माळ्यावर राहिली. मी अर्ज करायला गावीच थांबले होते. रस्त्याच्या वळणावर तिनं मागं वळून हात हलवला, अगदी एस.टी.नं जाताना हलवायची तसा.

पुढचं फार नाही. चार वर्षं तासिकेवर शिकवलं, मग कराडात कायम झाले. गंमत म्हणजे तिथं मार्कांवरच लागले. यादी लावली होती, वरून पहिलं नाव घेतलं. तिथं कुणी मेंढी दाखवली नाही. म्हणजे मार्कांचा उपयोग झाला म्हणायचं का? झाला. चार वर्षं उशिरा झाला, आणि तोवर संगूचं लग्न झालं होतं, वाडेकऱ्याच्याच घरात. आता तर मीच मार्क देणारी. 'पुस्तकाप्रमाणं बरोबर' लिहिणाऱ्याला मी पैकीच्या पैकी देते, दुसरं काही करायची सोयच पेपरात नसते. तपासता तपासता कधीकधी पेन खाली ठेवते आणि विचार करते, हिनं काय काय गिळून हे लिहिलं असेल.

संगू दुःखी असती तर मला जास्त सोपं गेलं असतं. ती दुःखी नाही. तिचा कळप आबांच्या कळपापेक्षा मोठा आहे, नवरा तिला विचारल्याशिवाय रान ठरवत नाही, मोबाइलवर ती चार तालुक्यांतल्या उसाच्या तोडीची खबर ठेवते. मेंढरांना इंजेक्शनं स्वतः देते. सुई टोचायची हौस तिनं भागवून घेतली. तरी ती सुई हातात घेते तेव्हा मी दुसरीकडं बघते.

यंदा तिची मुलगी, पूनम, बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली. गावात फ्लेक्स लागला, चार पुढारी आणि एक पूनम. संगूनं त्याचा फोटो मला तीन वेळा पाठवला. मी आनंदानं पेढे वाटले आणि मनातून धास्तावले, आणि ते उगाच नव्हतं. दिवाळीनंतर पूनमचा फोन आला. पुढच्या शिक्षणासाठी एका मोठ्या संस्थेची प्रवेश परीक्षा होती, मंगळवारी फॉर्मची शेवटची तारीख. पण विट्याच्या एका पतसंस्थेत संगूच्या नात्यातले कोणी संचालक होते, त्यांनी क्लार्कची जागा धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं.

"मावशी, तूच समजाव आईला," पूनम म्हणाली. "माझं ऐकत नाही ती. तुझंच उदाहरण देती."

"माझं?"

"मावशी पहिली आली हुती, तिचं काय झालं, म्हणती. मार्काला कोण इचारत न्हाई, वशिला हाय तवर घेऊया, म्हणती."

फोन ठेवल्यावर मी घरभर फिरत राहिले. कपाट आवरलं, परत विस्कटलं, परत आवरलं. माझं ते सोयीचं वाक्य चोवीस वर्षं मेंढरांबरोबर गावोगाव हिंडून, धट्टंकट्टं होऊन दारात आलं होतं. आणि मी स्वतःशी वाद घालत होते. खरं सांगून काय होणार? संगूनं आजवर दोष दिला तो दुनियेला. दुनियेला फरक पडत नाही. आता तो माझ्याकडं येणार. मी पूनमसाठी सांगणार की स्वतःचं ओझं उतरवायला? नुसता उपदेश केला तर चालेल का? जमाना बदललाय, हल्ली मार्कांना किंमत आहे, असं मॅडमसारखं काहीतरी? त्या वाक्यांनी संगू हलणार नाही हे मला माहीत होतं. ती मेंढरं ओळखते, माणसंही.

रविवारी सकाळी मी उंब्रजला गेले. वाडा हायवेपासून आत, एका निवृत्त सुभेदारांच्या रानात बसला होता. ऊस तुटून गेलेला, पाचट पसरलेलं, त्यावर दव. सुभेदार बांधावर उभे राहून पूनमला सांगत होते, "पयली आलीस म्हंजी एक नंबर. आता भरतीत ये. लाइफ सेट." पूनम हसून मान डोलावत होती. संगूचा नवरा पुढचं रान बघायला गेला होता, तिनं मला स्वतःच सांगितलं, "आमचं मालक फुडं गेल्यात." ती एका मेंढीचे खूर कापत बसली होती. मेंढी मांडीत, पाय हातात.

"बस आक्का. चहा करती पोरगी."

मी पाचटावर बसले. कापलेल्या खुराचा वास आला. वसतिगृहापासून मी तो साबणानं धूत होते, आणि त्या सकाळी तो छातीत भरून घ्यावासा वाटला.

"पूनमचा फॉर्म," मी म्हणाले.

"ते सोड गं. तिला कळत न्हाई." संगू कात्री चालवत राहिली. "तुझ्यापरीस हुशार हाय का ती? तुझं काय झालं ते बघितलंय की आमी. पोरीला तोंडघशी पाडू व्हय? हितं जागा धरून ठेवलीया मानसानं."

"वशिला नव्हता, संगू."

"कुठं?"

"सांगलीला. तेव्हा. कुणाचा वशिला नव्हता."

मग मी सगळं सांगितलं. प्लॅस्टिकमधली पदवी, शेतीचं उत्तर, शेड, सहा मेंढ्या. सांगताना माझा आवाज वर्गातला येत होता, मुद्देसूद, त्याचीच मला लाज वाटली. पूनम चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. संगूची कात्री थांबली होती.

"कुठली हुती?" तिनं विचारलं.

"भिंतीकडची. कान पाडलेली. रवंथ करत नव्हती."

"तू वळकलीस?"

"बघताक्षणी."

"आन बोलली न्हाईस."

"नाही."

"लाज वाटली आमची."

हा प्रश्न नव्हता. संगूनं मेंढीचा दुसरा पाय हातात घेतला, खूर अंगठ्यानं साफ केला, कापला, तिसरा घेतला, कापला. चौथाही पुरा केला. मेंढी सोडून दिली. ती अंग झाडून कळपात गेली.

"पूनम," ती म्हणाली, "त्या विट्याच्या काकाला फोन लाव. म्हनावं, येत न्हाई. आन त्यो फारम भर आजच."

पूनम तिथून जवळजवळ पळतच गेली. मला वाटलं झालं, सुटले. मी संगूच्या हातावर हात ठेवायला गेले. तिनं हात काढून घेतला. रागानं नव्हे, कात्री पुसायची होती तिला.

"चोवीस वरसं," ती म्हणाली, "त्या वशिल्याच्या मानसाला शिव्या घातल्या गं म्या. रान बदललं, पाऊस लागला, कोकरू मेलं, की पयली शिवी त्याला. त्याचं नाव बी म्हाईत न्हवतं मला."

ती उठली आणि मेंढरांकडं गेली. मी तिथंच बसून राहिले. चहावर साय धरली.

पूनमचा फॉर्म गेला. ती आता माझ्याकडं राहून अभ्यास करते, आणि माझ्यापेक्षा शहाणी आहे. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात तिनं काय लिहिलं ते मी विचारलेलं नाही. संगूला मी रोज फोन करते. ती उचलते. मेंढरं कुठं आहेत ते सांगते, पोरीला दूध देत जा म्हणते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते. सगळं आधीसारखंच बोलते, फक्त मला आक्का म्हणत नाही.